डिंकमावशींची वीस पुस्तकं

वाचनालयाच्या बालविभागामागे एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर खळीचं भांडं, तीन ब्रश, सुया, मेणाचा गोळा आणि पुस्तकं दाबून ठेवायचा एक जुना लोखंडी शिकंजा. या खोलीत डिंकमावशी एकोणीस वर्षं बसत आल्या होत्या. त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटाच्या बाहेर कधी पडलंच नाही. गंमत म्हणजे त्या डिंक वापरतच नसत. डिंकाने कागद कडक होतो आणि पुढे मोडतो, असं त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी शिकवलं होतं. त्या रोज सकाळी पिठाची खळ शिजवायच्या. पण ‘खळमावशी’ म्हणायला कोणाची जीभ वळेना, म्हणून डिंकमावशी.

फाटलेलं, उसवलेलं, भिजलेलं, चावलेलं असं सगळं त्यांच्याकडे यायचं. मोठ्यांच्या विभागातून वर्षाला पाच-पंचवीस पुस्तकं, बाकीची सगळी लहान मुलांची, चित्रांची. तीन वर्षांच्या माणसाच्या हातात पुस्तक दिलं की त्याचं काय होतं, हे मावशींइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मात्र ती पुस्तकं त्यांनी कधी कोणाला वाचून दाखवली नव्हती. आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायच्या वेळी बाईंनी त्यांना बाजूला घेऊन, तू नुसते ओठ हलव, असं सांगितलं होतं, आणि मावशींनी ते इतकं मनावर घेतलं की चारचौघांत मोठ्याने बोलायची वेळ आली की त्या आजही खोकल्याचं निमित्त करायच्या.

त्या वर्षी बालविभागाला नवे ग्रंथपाल आले. वय तिशीच्या आसपास, उंच, अंगाने काटकुळे, बोलायला मऊ, आणि कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी तळमजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करून घेतली, तिथे जाजम अंथरलं, भिंतीला हलका निळा रंग दिला आणि ठरवलं की दर शनिवारी सकाळी इथे लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवायची. त्यासाठी एक वेगळं कपाट केलं. कपाटात जागा चाळीस पुस्तकांची, तीही सगळी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडलेली. आता चाळीस कोणती, हा प्रश्न. विभागात चित्रांची पुस्तकं होती हजाराच्या वर.

ग्रंथपालांनी तक्ता केला. वय, विषय, शब्दसंख्या, पुस्तकातून मिळणारी शिकवण, पुस्तकाची स्थिती, असे रकाने. प्रत्येकाला गुण. ज्यांची स्थिती वाईट, ती पुस्तकं आपोआप तळाला गेली, आणि एका सोमवारी त्यातली साठेक पुस्तकं दोन खोक्यांत भरून मावशींच्या टेबलावर येऊन पडली. सोबत चिठ्ठी: दुरुस्ती नको, ‘रद्द’ शिक्का मारावा.

मावशींनी शिक्का काढला, शाईची गादी उघडली आणि पहिलं पुस्तक हातात घेतलं. ते होतं डोंगराला शिंक येते त्याचं. एका भल्यामोठ्या डोंगराच्या नाकात एक पीस जातं, आणि तो बिचारा पानामागून पान शिंक दाबून धरतो, कारण त्याच्या अंगाखांद्यावर गाव झोपलेलं असतं. हे पुस्तक मावशींनी अकरा वेळा शिवलं होतं. शिंकेचं पान तर त्यांनी इतक्यांदा चिकटवलं होतं की आता त्या पानात मूळ कागद जास्त की त्यांचा, हे सांगणं अवघड होतं. शिक्का त्यांच्या हातात तसाच राहिला. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. सगळी ओळखीची. मग त्यांनी गादीचं झाकण लावलं, दहा-बारा पुस्तकं हातावर रचली आणि हनुवटीने वरचं दाबून धरत त्या थेट ग्रंथपालांच्या टेबलापाशी गेल्या.

ग्रंथपाल उठून उभे राहिले. मावशी कधी खोलीबाहेर येऊन काही बोलल्या, असं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“सर, हे मला जमायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “शिक्का मारायचा तर कोऱ्या करकरीत पुस्तकांवर मारते. पण ह्यांच्यावर नाही.”

ग्रंथपालांनी त्यांना खुर्ची दिली आणि कारण विचारलं. मावशींना भाषण करता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि बोटाने दाखवायला सुरुवात केली. हा बघा, खाली मधोमध मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा डाग. पुस्तक एका हातात उघडं धरून दुसऱ्याला दाखवताना अंगठा बरोबर इथे येतो. एकट्याने वाचणारा इथे धरत नाही. आणि हे चित्रांवरचे बारके ठिपके, ही लहान बोटं. मोठा वाचतोय, लहान दाखवतोय. प्रत्येक पानावर दोन्ही खुणा आहेत, म्हणजे कोणीतरी मांडीवर घेऊन हे शेवटपर्यंत वाचलं, एकदा नाही, शंभरदा. मग त्यांनी ग्रंथपालांच्या टेबलावरचं एक पुस्तक उचललं, ज्याला तक्त्यात सगळ्यात जास्त गुण होते. नऊ वर्षं झाली होती त्याला, आणि अजून उघडताना त्याची पाठ नव्या चपलेसारखी करकरत होती. पहिल्या तीन पानांवर अंगठा होता. चौथ्यापासून काही नाही.

“चौथ्या पानावर मुलं उठून गेली,” मावशी म्हणाल्या. “मी तिथे नव्हते, पण सांगते.”

दुसरा एखादा साहेब असता तर हसला असता किंवा चिडला असता. हे ग्रंथपाल बराच वेळ ते पुस्तक उजेडात धरून बघत बसले. त्यांचा तक्ता करण्यात दोन महिने गेले होते, तेव्हा तो एकदम फाडून टाकणं त्यांच्या जिवावर येणारच. शेवटी त्यांनी तोड काढली. वीस पुस्तकं तुम्ही निवडा, वीस मी निवडतो. शनिवारी दोन्हीकडची वाचू. मुलं काय करतात ते दोघांनीही बघायचं आणि मग यादी पक्की करायची. मावशींनी मान हलवली. आपण काय कबूल करून बसलो, हे त्यांना खोलीत परत आल्यावर कळलं. वीस पुस्तकं निवडायची म्हणजे चाळीस बाजूला ठेवायची. त्या आठवड्यात त्यांनी टेबलावर पुस्तकं इतक्यांदा मांडली आणि उचलली की खळ दोनदा करपली.

पहिल्या शनिवारी ग्रंथपालांची पुस्तकं होती. जाजमावर सतरा मुलं, मागे भिंतीला टेकून त्यांचे आईबाप, आजीआजोबा. मावशी आत आल्या नाहीत. दार जरा उघडं ठेवून दाराआड स्टुलावर बसल्या. वाचणार ग्रंथपाल स्वतः, कारण गोष्टी सांगणारी ताई बाळंतपणाच्या रजेवर होती. त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी, ऐकताना वाटावं की गाडी अमुक क्रमांकाच्या फलाटावर येत आहे. पुस्तक होतं वाटून खाणाऱ्या खारीचं. पानापानावर खार काहीतरी वाटायची आणि खाली दोन ओळींत त्यातून आपण काय शिकलो ते दिलेलं. तिसऱ्या पानावर एक मुलगा आडवा झाला. चौथ्यावर दोघी बहिणींनी एकमेकींच्या वेण्या सोडायला घेतल्या. पाचव्यावर एका छोट्याने उठून अगदी सभ्यपणे विचारलं, की आता घरी गेलं तर चालेल का.

मावशींना हसू आलं, पण ग्रंथपालांची कानशिलं लाल झालेली दिसली आणि हसू आपोआप विरलं. मुलं गेल्यावर त्यांनी ग्रंथपालांना चहा नेऊन दिला. चहाबरोबर एवढंच सांगितलं, की पुस्तक स्वतःकडे तोंड करून धरू नका. तुम्हाला शब्द वाचता येतात, तुम्हाला चित्राची काय गरज? चित्र त्यांच्याकडे वळवा आणि मान वाकडी करून वाचा. सगळ्या खुणा तेच सांगतात.

दुसऱ्या शनिवारी डोंगराची पाळी आली. ग्रंथपाल मान वाकडी करून वाचू लागले. आवाज तोच, फलाटावरचा, पण डोंगराने नाक चिमटीत धरलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकीने स्वतःचं नाक धरलं. मग सगळ्यांनी धरलं. पुढच्या पानावर डोंगर “आ…” म्हणतो, त्याच्या पुढच्या पानावर “आ… आ…”, आणि खोलीत इतकी शांतता झाली की मावशींना दाराआडून मुलांचे कोंडलेले श्वास ऐकू येत होते. पान उलटलं. सतरा मुलं एकदम शिंकली, त्यातली चार खरोखर. एक लाळेचा शिंतोडा ग्रंथपालांच्या चष्म्यावर, दोन पुस्तकावर. शिंकेचं पान दर वेळी का सुटतं, याचा उलगडा मावशींना एकोणीस वर्षांनी त्या दिवशी झाला. ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि मुलांच्या मागणीवरून शिंक आणखी तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी ते स्वतःही शिंकले, आणि तेव्हापासून त्यांचा तो फलाट कायमचा सुटला म्हणायला हरकत नाही.

अशा दोन-तीन शनिवारांत मावशींना थोडा गर्व चढला. चढणारच. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचं मत विचारत होतं, आणि ते खरंही ठरत होतं. पाचव्या शनिवारसाठी त्यांनी एक पुस्तक स्वतः नेऊन ग्रंथपालांच्या हातात ठेवलं. वाचनालयात त्याच्या तीन प्रती होत्या आणि तिन्ही एकाच पानावर फाटायच्या. पुस्तकात शब्द थोडेच. पहिल्या पानावर आई, मुलगी आणि आजोबा एका पांघरुणात. मग आई बॅग भरते. मग बस, आणि बसच्या खिडकीतून बाहेर आलेला आईचा हात. मग कितीतरी पानं खिडकीत बसलेली मुलगी, बाहेर ऊन, बाहेर पाऊस, बाहेर मांजर. आणि शेवटच्या पानावर दारात आई. फाटायचं ते बसचं पान.

“तिन्ही प्रतींत तेच पान,” मावशी म्हणाल्या. “सर, यापेक्षा जास्त लाडकं पान या इमारतीत नाही. लिहून घ्या.”

त्या दिवशी मुलांत एक नवी मुलगी होती, चार वर्षांची, अंगाने एवढीशी. तिचे आजोबा तिला मुंगी म्हणत. ग्रंथपालांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा ती अगदी पुढे सरकून बसली. पांघरुणाच्या चित्राकडे बघून तिने मागे वळून आजोबांना खूण केली, की हे आपण. बॅगेच्या पानावर ती गप्प झाली. बसचं पान उघडलं आणि ती उठली, चालत पुस्तकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते पान ओढून फाडलं. एक तुकडा तिच्या मुठीत राहिला. ती रडली नाही. आजोबांकडे गेली आणि त्यांच्या कोटात तोंड खुपसून उभी राहिली. बाकीची मुलं गोंधळून बघत राहिली, आणि एक बारकं पोर मात्र रडायला लागलं.

आजोबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. ते पुन्हा पुन्हा माफी मागत होते. पुस्तक भरून देतो म्हणत होते. ग्रंथपालांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, आणि हळूहळू सगळं समजलं. घरात माणसं तीनच: आजोबा, त्यांची लेक आणि मुंगी. लेक दूरच्या एका बंदरावर मोठी क्रेन चालवायचं शिक्षण घ्यायला गेली होती. दहा महिन्यांचं शिक्षण, त्यातले चार झाले होते. ती बसनेच गेली होती, आणि हे दोघं थांब्यावर उभं राहून हात हलवत होते. त्या दिवसापासून मुंगी बसमध्ये चढत नव्हती. वाचनालयातही ते चालतच आले होते.

दाराआडून मावशींनी सगळं ऐकलं. त्या खोलीत परत गेल्या, फाटलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बाकीच्या दोन प्रती काढून शेजारी मांडल्या. त्यांना आता ते दिसत होतं जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. शिंकेचं पान शिवणीपाशी सैल व्हायचं, पुन्हा पुन्हा उलटल्याने होतं तसं. बसचं पान मात्र मधोमध फाटलेलं असायचं, वरून खाली, ओढून. दोन्ही फाटणं त्यांनी एकाच मापाने मोजलं होतं. या तीन प्रती त्यांनी किती वेळा दुरुस्त केल्या आणि किती घरांत पुन्हा धाडल्या, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी शिक्का काढला. तिन्ही पुस्तकांवर ‘रद्द’ मारून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ग्रंथपाल मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी शिक्का उचलून खिशात टाकला.

“मावशी, माझी खार चुकली तेव्हा तुम्ही मला चहा दिला होता,” ते म्हणाले. “शिक्का नव्हता मारला. थांबा जरा.”

मावशी थांबल्या, पण पुढचे काही दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. फाटलेलं पान त्यांनी जोडून घेतलं. मधल्या तुकड्याची जागा रिकामी राहिली. बसच्या खिडकीतून बाहेर आलेला हात तेवढा नव्हता.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. दारात आजोबा, आणि त्यांच्या मागे मुंगी. आजोबा म्हणाले, हिला पुस्तकाच्या दवाखान्यात यायचं होतं. मुंगी पुढे आली, तिने खिशातून काड्यापेटी काढली आणि टेबलावर ठेवली. टेबल तिच्या नाकाएवढं उंच होतं. काड्यापेटीत तो तुकडा होता, चार दिवस जपलेला, हातासकट.

“हा लावता येईल का?” तिने विचारलं.

मावशींनी तिला स्टुलावर उभं केलं. खळ कशी लावायची, बोटाने नाही, ब्रशने, कडेपासून आत नाही, आतून कडेकडे, हे दाखवलं. मुंगीने जीभ दातांत धरून खळ लावली. तुकडा बसला. वर पातळ कागदाची पट्टी, त्यावर फडकं, त्यावर वजन. आता हे उद्यापर्यंत उघडायचं नाही, मावशी म्हणाल्या. मुंगीचा चेहरा पडला. तिला ते आत्ता वाचून हवं होतं. मावशी चपापल्या. आजोबांकडे बघितलं, तर त्यांचा चष्मा घरी राहिलेला. ग्रंथपाल सभेला गेलेले. खोकल्याचं निमित्त करावं असं मावशींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मुंगीने शेल्फवरची दुसरी प्रत ओळखली होती आणि ती त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलीही होती.

मावशी खाली बसल्या आणि पहिलं पान उघडलं. मुंगीने ते बंद केलं. पुस्तक उलटं फिरवलं आणि शेवटचं पान उघडलं.

“इथून,” ती म्हणाली.

“अगं, ही तर शेवटची बाजू.”

“मला माहितेय. इथून वाच.”

मावशींनी घसा साफ केला. “दारात आई,” त्यांनी वाचलं. आवाज नेहमीसारखा घोगराच निघाला. मुंगीने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि बहुतेक पसंत पडला असावा, कारण ती टुणकन उडी मारून त्यांच्या मांडीवर येऊन बसली. पान मागे उलटलं. खिडकीत मुलगी, बाहेर मांजर. मागे उलटलं. बाहेर पाऊस. बाहेर ऊन. मुंगी प्रत्येक पानावर बोट ठेवत होती आणि काय चाललंय ते सांगत होती: आता आई आलीय ना, म्हणून ती खिडकीतून मांजराला सांगतेय. आता पावसाला सांगतेय. मग बसचं पान आलं. मावशींचा हात थबकला. मुंगीनेच ते उलटलं.

“बस आली,” तिने सांगितलं. “आई हात दाखवतेय, की मी इथे आहे म्हणून.”

मावशींनी चित्र बघितलं. शेकडो वेळा बघितलेलं चित्र. बस उभी, खिडकी उघडी, एक हात बाहेर. ती निघालीय की आलीय, चित्रात कुठेच नव्हतं. ते सगळं खालच्या दोन शब्दांत होतं. मावशींनी ते दोन शब्द गिळून टाकले. पुढचं, म्हणजे मागचं पान: पलंगावर उघडी बॅग, आईच्या हातात कपडे. “आई बॅग रिकामी करते,” मावशी स्वतःच म्हणाल्या, आणि मुंगीने समाधानाने मान हलवली. मग पहिलं पान आलं. मावशींनी ते हळू आवाजात, छापलंय तसंच वाचलं: “आम्ही तिघं. एकच पांघरूण.”

आजोबा खिडकीकडे तोंड करून शिकंज्याचा स्क्रू बघत उभे होते. तो सैल आहे, मी तेलपाणी करून देतो, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन खरंच आले.

मुंगीही आली. मग ती दर बुधवारी येऊ लागली. पुस्तक आधी मागून पुढे वाचायचं, मग कधी पुढून मागे. दीड महिन्याने तिने एकदा बसच्या पानावर थांबून सांगितलं, की आता ही बस जातेय, पण ती मागूनही येते. त्यानंतर दोन बुधवारांनी आजोबा आणि ती बसने आले. आजोबांनी तिकीट मावशींना दाखवायला म्हणून खिशात जपून ठेवलं होतं.

इकडे यादीचं काम अडून बसलं होतं. मावशींनी ग्रंथपालांना बुधवारची हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, की माझंही मोजमाप अर्धंच खरं आहे. पुस्तक चांगलं की वाईट एवढं विचारून भागत नाही. सतरा पोरांत वाचायचं पुस्तक वेगळं आणि एकाच पोराला कुशीत घेऊन वाचायचं वेगळं. शिंक एकट्याने काढण्यात मजा नाही, आणि खिडकीतल्या मुलीचं पुस्तक चारचौघांत वाचणं म्हणजे कोणाच्या तरी दुखऱ्या जागेवर नकळत बोट ठेवणं. ग्रंथपालांनी तक्ता काढला, शिकवणीचा रकाना खोडला आणि त्या जागी लिहिलं: ‘कुठे बसून?’

मग दोघं तीन दुपारी जाजमावर बसून भांडले. भांडण म्हणजे तसं गोडीचंच. मावशींची चौदा पुस्तकं मोठ्या कपाटात लागली. एक जाडजूड पुस्तक त्यांनी स्वतःच मागे घेतलं. ते मुलांच्या प्रेमाने फाटत नव्हतं, त्याची बांधणीच मुळात भिकार होती. ग्रंथपालांची नऊ लागली, त्यात एक दात पडलेल्या मगरीचं, जे मावशींनी नाक मुरडून बाजूला ठेवलं होतं आणि ज्याला शनिवारी मुलांनी डोक्यावर घेतलं. उरलेल्या जागा त्यांनी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. खिडकीशेजारी एक छोटं कपाट वेगळं केलं, शेजारी दोन रुंद खुर्च्या टाकल्या, ज्यांत एक मोठं आणि एक लहान माणूस मावेल. त्या कपाटावर ग्रंथपालांनी पाटी लावली: ‘मांडीवरची पुस्तकं’. वाचायला सोबत कोणी नसेल तर मागच्या खोलीत विचारावं, अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात मावशींना न विचारता घातली. आठवडाभर मावशी त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. पण दारावर टकटक झाली की ब्रश धुऊन ठेवायच्या आणि बाहेर जायच्या.

मुंगीची आई परत आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. दंड उन्हाने रापलेले, खांदे भरलेले, चालण्यात एक नवा ठामपणा. ती मुंगीबरोबर मागच्या खोलीत आली आणि मावशींचे आभार कसे मानावेत हे तिला सुचेना, म्हणून तिने खळीच्या भांड्याचीच चौकशी केली. मग जरा संकोचून म्हणाली, की मला वाचून दाखवायची सवय राहिली नाही, मुंगी म्हणते मी फार घाईने वाचते. काय वाचू तिला? मावशींनी पुस्तकाचं नाव सांगितलं नाही. रुंद खुर्ची दाखवली. दोघी तिथे जाऊन बसल्या, मुंगीने एक कधीच न वाचलेलं पुस्तक ओढून काढलं, आणि पहिल्याच पानावर आपला पंजा पसरून ठेवला. आईला थांबावं लागलं. पंजा उचलला की पुढचं वाक्य, असं ते चालू झालं.

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रंथपालांनी मावशींना सांगितलं, की रिकाम्या जागांसाठी नवी पुस्तकं घ्यायला पुस्तकविक्रेत्याकडे जायचंय आणि तुम्ही बरोबर यायचं. मावशी म्हणाल्या, नव्या पुस्तकांवर कसल्या खुणा असणार, मी काय बघू? ग्रंथपाल म्हणाले, मलाही कळत नाही, म्हणून तर चला.

दुकान मोठं होतं. मुलांचा भाग सगळ्यात आत. मावशींनी पुस्तकं उजेडात धरून बघितली, बांधणी चाचपली, कागद दोन बोटांत घासला. सगळी गुळगुळीत, सगळ्यांना नव्या शाईचा वास, आणि मुकी. त्यांनी दहा-बारा चाळली, ठेवून दिली. मग एक उघडलं, एका म्हाताऱ्या पाणघोड्याचं, ज्याला पोहायला भीती वाटते. पहिलं पान मनात वाचलं. काहीच कळेना. तेव्हा त्यांनी पुस्तक बाजूला वळवलं, एका हातात उघडं धरलं, अंगठा खाली मधोमध ठेवला, आणि मान वाकडी करून मोठ्याने वाचायला लागल्या.

घोगरा आवाज दुकानभर गेला. पाणघोड्याला तो फारच शोभला. विक्रेता हातातलं बिल तसंच ठेवून बघू लागला. शब्दकोश बघायला आलेले एक गृहस्थ दोन कपाटं ओलांडून जवळ आले. एका पानावर मावशी अडखळल्या, तेच वाक्य पुन्हा घेतलं आणि पुढे गेल्या. पाणघोडा पाण्यात एक पाय घालतो, काढतो, दुसरा घालतो, काढतो, आणि शेवटी नदीच त्याच्याकडे येते. पुस्तक संपलं. मावशींनी ते मिटलं आणि आजूबाजूला बघितलं, तर आपण केवढ्याने वाचत होतो हे त्यांना तेव्हा समजलं.

“सर, घ्यायचं का हे?” त्यांनी हळूच विचारलं.

ग्रंथपाल जमिनीवर मांडी घालून बसले होते. कधी बसले ते त्यांनाही आठवलं नसतं.

“अजून एकदा वाचा,” ते म्हणाले. “मग ठरवू.”